वेळ जात नाही म्हणून पाहिलेले सिनेमे

सुट्टी संपवून महाविद्यालयात परतलेल्या साहित्याच्या प्राध्यापकांना ‘सुट्टीत काय केलेत?’ असे विचारावे, तर उत्तर ठरलेले असते : ‘विशेष काही नाही. घरी बसून सिनेमे पाहिले. वेळ घालवायचा होता.’ वरवर पाहता या उत्तरात नम्रता आहे. आम्हांला मात्र त्यात एक सोयीस्कर पळवाट दिसते. कारण चहाचा दुसरा कप येईपर्यंत हेच गृहस्थ त्या सिनेमांवर निकाल देऊ लागलेले असतात. अमका फार संथ आहे, तमक्याला शेवटच नाही, एकूण मराठी सिनेमात आता राम उरलेला नाही. पाहताना जो निव्वळ टाइमपास होता, तो बोलताना एकाएकी समीक्षा होतो. आमचा आक्षेप या उडीला आहे.

करमणुकीला आम्ही कमी लेखतो, असा गैरसमज नको. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली सुरू केलेल्या साप्ताहिकाचे नावच ‘करमणूक’ होते आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातूनच क्रमशः प्रसिद्ध झाली. बालविवाह आणि केशवपन यांच्या यातना ज्यांच्यापर्यंत पोचल्या, त्यांनी हाती घेतलेल्या अंकावर ‘करमणूक’ हाच शब्द छापलेला होता. म्हणजे मन रमणे आणि लक्ष देणे यांत वैर आहे, असे मानण्याची आपल्या वाङ्मयाची परंपरा नाही. त्या कादंबरीच्या नावातला प्रश्न मात्र आज आम्हांला पुन्हा विचारावासा वाटतो.

दोष घराचाही नाही. ‘खरा सिनेमा चित्रपटगृहातच’ असे उसासे टाकणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसत नाही. फिल्म सोसायटी आणि महोत्सव ही चैन फार काळ मोजक्या शहरांपुरती होती. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जगाचा सिनेमा घरच्या पडद्यानेच दाखवला. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ २०२१ साली नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा महासाथीच्या त्या दिवसांत बहुतेकांनी तो घरीच पाहिला. त्यात नायक रात्रीच्या मुंबईतून मोटारसायकलवर जात असतो, दृश्य मंद गतीने सरकते, मागे तानपुरा घुमतो आणि साधनेविषयी बोलणारा माईंचा आवाज ऐकू येतो. ही दृश्ये ज्याने दीडपट वेगाने उरकली, त्याच्या हाती काय लागले? एक माणूस मोटारसायकलवरून गेला, एवढेच. वेग बदलण्याच्या सोयीची चाचणी चालू आहे, हे २०१९ साली कळताच अनेक चित्रपटकर्त्यांनी जाहीर विरोध केला होता. तरी २०२० साली ती सोय आलीच. यंत्राने मुभा दिली हे खरे, पण कळ दाबणारे बोट आपलेच आहे.

ताम्हाणे यांच्याच ‘कोर्ट’चे (२०१४) उदाहरण घ्या. शेवटची सुनावणी संपते, न्यायालय सुट्टीसाठी बंद होते, दालनातले दिवे विझतात आणि पडदा काळा होतो. घरी पाहणाऱ्याचा हात नेमका इथे रिमोटकडे जातो. आमचाही गेला होता, हे कबूल केले पाहिजे. सिनेमा मात्र संपलेला नसतो. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलकी घेतात, खोड्या काढणारी मुले त्यांना दचकवतात आणि ते एका पोराला थप्पड लगावतात. अंधारात उठून गेलेल्याने एका खटल्याची गोष्ट पाहिली. थांबलेल्याने न्याय करणारा माणूस पाहिला. आता ‘या सिनेमाला शेवटच नाही’ हे मत पुन्हा एकदा ऐका.

ज्यांना आम्ही हे सुनावतो आहोत, ते कवितेतला एक स्वल्पविराम सुटला तरी विद्यार्थ्याला धारेवर धरतात. गाईड वाचून परीक्षेला बसणाऱ्याची ते यथेच्छ टिंगल करतात. पण कथानक कळले की काम झाले, मधले गाळले तरी बिघडत नाही, ही तर गाईडचीच रीत आहे! वर्गात तिचा निषेध करायचा आणि घरी सोफ्यावर ती पाळायची, याला दुटप्पीपणा म्हणतात. सिनेमाचे द्रव्यच काळ आहे. एखादे दृश्य किती वेळ टिकते, हा त्याच्या अर्थाचा भाग असतो, जसा ओळ कुठे तुटते हा कवितेच्या अर्थाचा. तो काळ कापून टाकल्यावर उरतो तो सारांश. सारांशावर मत देणाऱ्याला आपण आपल्या विषयात काय म्हणतो, ते इथे लिहायला नको.

यावर कोणी म्हणेल, दिवसभर राबून आलेल्या माणसाने रात्री अकराला डोळे मिटत मिटत काही पाहिले, तर त्याच्याकडूनही अभ्यासाची अपेक्षा करायची काय? मुळीच नाही. थकलेल्या माणसाचा विसावा पवित्र आहे आणि भाजी निवडताना एखादा सिनेमा चालू ठेवणाऱ्या गृहिणीशीही आमचे भांडण नाही. ती ‘कोर्ट’वर परिसंवादात निबंध वाचत नाही, ‘साहित्य आणि चित्रपट’ हा पेपर शिकवत नाही, की कोणाच्या प्रबंधावर अभिप्राय लिहीत नाही. ज्यांच्या मताला वर्गात वजन आहे, त्यांच्याविषयी आम्ही बोलत आहोत. त्यांनी सहज फेकलेले ‘संथ आहे हो’ हे तीन शब्द पन्नास विद्यार्थी वहीत उतरवून घेतात आणि त्यांतले निम्मे तो सिनेमा कधीच उघडत नाहीत.

तेव्हा आमची मागणी लहान आहे. वेळ घालवायचा त्याने खुशाल घालवावा. मात्र त्या सिनेमाविषयी कोणी विचारले, तर ‘मी तो लक्ष देऊन पाहिलेला नाही’ असे सांगावे आणि तिथेच थांबावे. न वाचलेल्या पुस्तकाविषयी हे वाक्य उच्चारण्याचे धैर्य आपल्या क्षेत्रात तसेही फारसे दिसत नाही. निदान सिनेमापासून तरी सुरुवात करू या.