पत्र्याच्या खोल्या आणि आपली सोसायटी

मागच्या रविवारी आमच्या मोशीच्या सोसायटीत सह्यांचा कागद फिरला. शेजारच्या प्लॉटवर बिल्डरने मजुरांसाठी पत्र्याच्या रेडिमेड खोल्या ठेवल्यात, त्या हलवा म्हणून. "रेसिडेन्शियल झोनमध्ये हे कसं चालतं?" खरं सांगतो, मीही सही करणार होतो...

मग आठवलं, आपली बिल्डिंग उभी राहत होती तेव्हा इथेही अशाच खोल्या होत्या! मजुरांना साइटवर किंवा शक्य तितक्या जवळ फुकट तात्पुरतं घर द्या, स्वयंपाक, आंघोळ, संडासाची सोय करा, हे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातच होतं. आणि १९७२ साली नवनगर प्राधिकरण निघालं तेही कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणूनच. (२०२१ मध्ये ते विलीन झालं. असो.)

उघड्यावरच्या सांडपाण्याचा त्रास खराच आहे. पण तो पत्र्यामुळे नाही, ड्रेनेज नसल्यामुळे होतो. झोनच्या नियमाने जागेचा वापर बघावा. भिंत पत्र्याची की विटांची, ह्याने काय फरक पडतो?

मी सही केली नाही. कागदाखाली तीन मागण्या लिहिल्या: पुरेसे नळ, संडास, ड्रेनेज. सेक्रेटरी काका अजून माझ्याशी बोलत नाहीयेत. तुम्ही काय केलं असतं?