वरच्या चिखलासाठीही पैसे मोजा

तेलाच्या विहिरीत वरच्या गाळाला कुणी विचारत नाही. मुंबई हायवर आम्ही तो झपाट्यानं पार करायचो. कोअर, म्हणजे थराचा अखंड दंडगोल नमुना, काढायचा तो तेलाची आशा असलेल्या थरातच, कारण रिगच्या प्रत्येक तासाचे पैसे पडतात. ‘जॉइडीज रिझोल्युशन’ या अमेरिकी जहाजावर मात्र त्याच चिखलाला मोल होतं.

2015 च्या एप्रिल-मेमध्ये हे जहाज आपल्या समोरच्या अरबी समुद्रात, लक्ष्मी खोऱ्यात उभं होतं. आमची जॅकअप रिग ऐंशीएक मीटर पाण्यात पाय रोवून उभी राहते. या खोऱ्यात पाणीच साडेतीन किलोमीटर! थ्रस्टरच्या जोरावर जहाज एका जागी धरायचं, तेवढा पाइप खाली सोडायचा आणि मग कुठे भोक पाडायला सुरुवात. तळाखाली अकराशे मीटरपर्यंत जहाजावरची मंडळी गेली. साडेनऊ मीटरचा कोअर वर आला की दीड-दीड मीटरचे तुकडे करून ते उभे चिरायचे. एक अर्धा अभ्यासाला, दुसरा जपून ठेवायला. हिमालय किती झिजला, मान्सून कसा बदलला, याचा हिशेब त्या गाळात आहे. मोहिमेचे एक प्रमुख गोव्यातल्या महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे होते. सौराष्ट्राच्या बाजूनं कोसळलेली प्रचंड दरड, ‘नटराज’, कंपनलहरींच्या नकाशात आधीच दिसली होती. ती एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वीची, हे कळलं कोअरमुळे.

2024 मध्ये अमेरिकेनं पैशाअभावी हे जहाज थांबवलं. त्याच वर्षी चीननं स्वतःचं ‘मेंगश्यांग’ जहाज सेवेत आणलं. जपान आणि युरोपनं समुद्रतळ खोदण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. आपण? 2021 साली खोल समुद्र मोहिमेला 4,077 कोटी मंजूर झाले, पण चर्चा सगळी ‘मत्स्य 6000’ पाणबुडीची. (पाणबुडी फोटोत छान दिसते, चिखल दिसत नाही.) कोयनेला भूकंप समजून घ्यायला सरकारनं तीन किलोमीटर खोल भोक पाडलंच ना? मग मान्सूनवर जगणाऱ्या देशाला समुद्रात हात आखडता का? आपल्या दारातला हा गाळ आज जपानमधल्या कोचीच्या शीतगृहात आहे.

स्वतःचं जहाज लगेच बांधा, असं माझं म्हणणं नाही. ते परवडायचंही नाही. जपान-युरोपच्या कार्यक्रमात पैसे भरून वाटा घ्यावा आणि अरबी समुद्रासाठी जहाजाचे दिवस मागावेत. पाइप जोडणारी माणसं मुंबई हायवर आहेतच.