लाल लादी आणि ओल

गव्हाणच्या आमच्या घरात ओटीवर अजून जुनी लाल मातीची लादी आहे. तिच्याखाली चुना आणि चुन्याखाली चोपलेली माती, बस्स. काही वर्षांपूर्वी हौसेनं तिच्यावर चकचकीत कोटिंग मारून घेतलं. दिवाळीला आलेला प्रत्येक जण वाकून बघायचा. मग जुलै आला... कोटिंगखाली पांढरे डाग, महिनाभरात पापुद्रे, आणि भिंतीला कधी नव्हे तो गुडघाभर लोणा.

कारागिराला शिव्या देऊन झाल्या, पण खरं सांगायचं तर चूक आमचीच. भाजलेली माती सच्छिद्र असते. जमिनीतली ओल तिच्यातून वर येते आणि हवेत उडून जाते. वर झाकण घातलं म्हणून ती ओल नाहीशी होत नाही, शेजारच्या भिंतीत चढते. तिच्याबरोबर आलेले क्षार कोटिंगखाली साचतात आणि लादीचा पापुद्रा उचलतात.

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, उकरून टाक, व्हिट्रिफाइड बसवू." माझा विरोध निव्वळ आठवणींसाठी नव्हता (थोडा होता!). व्हिट्रिफाइड म्हणजे तेच झाकण, फक्त जास्त पक्कं. खाली प्लास्टिक अंथरलं तरी भिंतींचा पाया जुनाच राहणार ना?

मग पुढच्या मार्चमध्ये पेंट रिमूव्हरनं कोटिंग काढलं. ॲसिड टाळलं, ते सांध्यातला चुना खातं. लोणा कोरड्या ब्रशनं झाडला, कारण धुतला की तो विरघळून परत आत मुरतो. मोकळ्या सांध्यांत चुना आणि रेती भरली. सिमेंट कडक असतं, ताण आला की लादीच तडकते.

नंतरचं काम फक्त थांबण्याचं. रात्री प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवायचा, सकाळी आत थेंब दिसले तर अजून थांबायचं. मे उजाडला तेव्हा तो कोरडा निघाला. मग टर्पेंटाइन मिसळलेल्या बेलतेलाचे दोन पातळ हात दिले, न मुरलेलं तेल लगेच पुसून घेतलं, आणि तेल पूर्ण वाळल्यावर मेणाचा हलका हात. (तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात. आधी पाण्यात भिजवा.)

पावसाळ्यात लादी काळपट झाली, ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा लाल. भिंतीचा लोणा वर चढला नाही. चमक मात्र नाही, आणि आता कुणी वाकूनही बघत नाही.

घराबाहेर याहून मोठी झाकणं पडली आहेत. खाडीकाठची खाजणं भरावाखाली गेली. ८ ऑक्टोबर २०२५ला ज्याचं उद्घाटन झालं, त्या विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाहच वळवला. विकास नको असं मी म्हणत नाही, विमान मलाही हवंय. पण ओटीवरच्या लादीनं एक गोष्ट शिकवली. झाकलेलं पाणी जात नाही, दुसरी वाट शोधतं. ती वाट कुणाच्या भिंतीतून जाणार, हे झाकण घालण्याआधी विचारायला हवं.