पीएफचा पैसा कुडव्याच्या प्लॉटमध्ये. तोटा झाला तर कर वाचतो का?

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यासारख्या गावात निवृत्तीचा पैसा हाती आला की घरात पहिली चर्चा प्लॉटचीच होते. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचे रोखीकरण अशी मोठी रक्कम पहिल्यांदाच एकत्र खात्यात दिसते. ‘जमीन कुठे पळून जात नाही’, हे मेहुण्यापासून एजंटापर्यंत सगळे ऐकवतात. जमीन पळत नाही हे खरे. पण तिच्यात गुंतलेल्या पैशाला करकायदा कसा वागवतो, हे क्वचितच कुणी सांगते.

अमेरिकेत ठरावीक प्रकारच्या निवृत्ती खात्यातूनच घर-जमीन घेता येते. पैसा खात्याबाहेर पडत नाही आणि करसवलतही टिकते. भारतात पीएफ खात्यात प्लॉट ठेवण्याची सोय नाही. पाच वर्षे सलग नोकरी झाली असेल तर पीएफची रक्कम करमुक्त मिळते, पण प्लॉट घेतला की ती ओळख संपते. पुढचा नफा-तोटा साध्या भांडवली मालमत्तेचा.

नफ्यासाठी कायद्यात वाटा आहेत. दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेला प्लॉट विकून अटींनुसार राहते घर घेतले किंवा बांधले, तर कर वाचू शकतो. तोट्याचे तसे नाही. प्लॉटमधला दीर्घकालीन तोटा पेन्शनमधून वजा होत नाही, मुदत ठेवीच्या व्याजातूनही नाही. तो फक्त दुसऱ्या दीर्घकालीन भांडवली नफ्यातून वजा होतो. असा नफा नसेल तर तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरले असेल तरच. ज्याच्याकडे एकच प्लॉट आहे आणि शेअर-म्युच्युअल फंड काहीच नाही, त्याने तो पुढे नेऊन वजा करायचा कशातून?

खरी गोची महागाई निर्देशांकाची आहे. समजा, २०१८-१९ मध्ये १२ लाखांना घेतलेला प्लॉट २०२५-२६ मध्ये १४ लाखांना विकला. साध्या हिशेबाने नफा दोन लाख; १२.५ टक्क्यांनी कर २५ हजार. निर्देशांक लावला तर (२८० वरून ३७६) खरेदी किंमत १६ लाख ११ हजारांच्या घरात जाते, म्हणजे दोन लाखांहून अधिक तोटा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीला ही तुलना करण्याची मुभा असल्याने कर शून्य होतो. पण तो तोटा कागदावर पुढे नेता येत नाही. महागाईने खाल्लेले पैसे खाल्लेलेच राहतात.

त्यात रेडी रेकनर. गरजेपोटी प्लॉट स्वस्तात काढला आणि मुद्रांक मूल्य विक्री किमतीच्या ११० टक्क्यांहून जास्त निघाले, तर कर मुद्रांक मूल्यावर मोजतात. प्रत्यक्ष तोटा असूनही कागदावर नफा दिसू शकतो.

‘शेतजमीन घेतो, तिला कर नाही’ हा हिशेबही कुडव्यात चुकतो. २०११ च्या जनगणनेत गोंदिया नगरपालिकेची लोकसंख्या लाखाच्या वर होती. अशा शहराच्या हद्दीपासून हवाई अंतराने सहा किलोमीटरच्या आतली शेती करासाठी भांडवली मालमत्ताच असते. शहराला खेटून असलेले कुडवा त्यात येते.

कर्ज काढून घर भाड्याने देणाऱ्यांना थोडी सोय आहे, तीही जुन्या करप्रणालीत. व्याजामुळे झालेला तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पेन्शनमधून वजा होतो, उरलेला आठ वर्षे घरभाड्याच्या उत्पन्नातून. नव्या प्रणालीत भाड्याच्या घराचा तोटा पेन्शनमधून वजाही होत नाही, पुढेही जात नाही. ही प्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू असल्याने अनेकांना हे विवरणपत्र भरतानाच कळते.

घराच्या तोट्याला दोन लाखांची खिडकी आणि निवृत्ताच्या एकुलत्या प्लॉटला काहीच नाही, हा भेद पटणारा नाही. सरकारने निदान एका प्लॉटपुरती अशीच मर्यादित सवलत द्यायला हवी. ती मिळेपर्यंत सगळी रक्कम ले-आऊटमध्ये टाकणे धोक्याचे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत पैसे ठेवता येतात. व्याजावर कर लागतो, पण दर तिमाहीला ते हाती येते. घरखर्च आणि दवाखान्याची सोय आधी करावी. त्यानंतर उरेल तेवढ्याचाच प्लॉट बघावा, तोही सातबारा आणि अकृषक परवानगीचे कागद हातात घेऊन.