पाड्यावरच्या लुतीला वाली कोण?

पावसाळा सरता सरता जव्हार-मोखाड्यातल्या एखाद्या पाड्यावर गेले की ओट्याच्या कडेला खाजवत बसलेले कुत्रे दिसते. कानाच्या कडा सोललेल्या, कोपरावरचे केस गेलेले, कातडी जाड आणि सुरकुतलेली. लूत लागली, असे लोक म्हणतात. मग कुणीतरी गाडीचे जळके ऑइल आणून अंगभर चोपडते.

हे आधी थांबायला हवे. कुत्रे अंग चाटते, ऑइल पोटात जाते आणि आधीच उघडी पडलेली कातडी आणखी भाजते. रॉकेलचेही तेच.

शिवाय सगळीच खाज लुतीची नसते. पिसवा बहुधा शेपटीच्या मुळाशी त्रास देतात, गोचीड कानात आणि बोटांच्या बेचक्यात दडते, बुरशीने गोल चट्टे पडतात. लुतीचा किडा मात्र कातडीत बोगदा करून तिथेच अंडी घालतो. कानाची कड चोळताच कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवू लागला तर लुतीचा संशय बळावतो. (हातमोजा घालूनच पाहावे, हा किडा माणसालाही काही दिवस खाजवत ठेवतो.) खात्री करायची तर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते.

औषध आहे आणि महागही नाही. आयव्हरमेक्टिन ज्या शोधातून आले, त्याला २०१५चे नोबेल मिळाले. पण ते वजनावर मोजून द्यायचे औषध आहे. गुरांसाठीचे इंजेक्शन अंदाजाने टोचले, तर कुत्रे झोकांड्या खाते, प्रसंगी दगावते. आणि एका डोसाने भागत नाही. अंड्यातून नवा किडा तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून डोस पुन्हा द्यावाच लागतो.

घोडे अडते ते इथेच. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात. सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा हिशेब गाय, म्हैस, शेळी असा चालतो. त्याच शेळ्या-कोंबड्या आणि खळ्यावरची नागली राखणारे कुत्रे त्यात कुठेच बसत नाही. त्याची आठवण होते ती रेबीजपुरती. मग तोच धागा धरावा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमारास पाड्यावर लसीकरणाचे शिबिर घ्यावे, लशीसाठी धरून आणलेल्या कुत्र्याची कातडी तिथेच तपासावी, वजन करून पहिला डोस द्यावा. घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच दिवशी, नाहीतर एकाची लूत दुसऱ्याला लागत राहते. झोपायचे गोणपाट जाळून टाकायला सांगावे. आणि पुढच्या डोसांच्या तारखा दिवाळीच्या आत ठरवाव्यात. त्यानंतर कुत्रे एकतर भट्टीवर गेलेले असते, नाहीतर बंद दाराशी एकटे.