जोडीची सायकलस्वारी आणि अर्धशक्तीचा विचार

गेल्या काही वर्षांत ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील चिकित्सालयांत एक नवा वर्ग येऊ लागला आहे. त्यास रुग्ण म्हणावे की नाही, असा प्रश्न पडावा इतपत तो धट्टाकट्टा असतो. पहाटे येऊरच्या चढावर, रविवारी मलंगगडाच्या पायथ्याशी, बारवी धरणाच्या रस्त्यावर अथवा मुरबाडमार्गे माळशेज घाटापर्यंत सायकल चालविणारा हा गृहस्थ बहुधा नोकरदार व मध्यम वयाचा असतो. कटिशूल, जानुशूल, तळहातांस बधिरता, मलावष्टंभ, निद्रानाश या त्याच्या नित्याच्या तक्रारी होत. पुढील शर्यतीपूर्वी ‘काहीतरी ताकदीचे’ द्यावे, ही त्याची मागणी असते. आपण नाडी पाहतो, प्रकृतीचा विचार करतो, अश्वगंधा वा शिलाजतूचा एखादा कल्प लिहून देतो. तो कोणाबरोबर सायकल चालवितो, ही चौकशी मात्र सहसा होत नाही. आमच्या मते ही चौकशी झाल्यावाचून त्याची चिकित्सा पुरी होत नाही.

डोंगरवाटांवरील दीर्घ पल्ल्याची सायकल शर्यत अनेकदा जोडीने लढविली जाते, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानी नसेल. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात २००४ पासून भरणारी ‘केप एपिक’ ही या प्रकारातील सर्वांत नामांकित शर्यत होय. आठ दिवसांच्या या शर्यतीत प्रत्येक संघात दोघेच असतात आणि दोघांमधील अंतर दोन मिनिटांहून अधिक वाढू नये, असा नियम आहे. तो मोडल्यास दंड होतो. एकाने शर्यत सोडली, तर संघ क्रमवारीतून बाद होतो. आपल्याकडे हिमाचल प्रदेशात २००५ साली ‘एमटीबी हिमालय’ सुरू झाली, तीतही दोघांच्या संघाचा गट ठेवलेला होता.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर नाशिकच्या महाजन बंधूंचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या दोघा भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली. ही शर्यत पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. ती डोंगरवाटेची नव्हे, पक्क्या रस्त्याची शर्यत होती आणि तिची रीतही निराळी. तेथे एक स्वार रस्त्यावर असता दुसऱ्याने वाहनात विश्रांती घ्यावयाची असते. एकाच्या श्रमावर दुसऱ्याची निद्रा अवलंबून, असा तो हिशेब. दोघेही व्यवसायाने डॉक्टर आहेत, ही गोष्ट आम्हांस उगीच लक्षणीय वाटत नाही.

आता शास्त्राकडे वळू. व्यायाम अर्धशक्तीने करावा, हे वाग्भटाचे व सुश्रुताचे मत आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने शीतकाळी व वसंतात अर्धी शक्ती खर्चावी, इतर ऋतूंत त्याहूनही कमी. (आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत वसंत कोठे संपतो व ग्रीष्म कोठे सुरू होतो, हे सांगणे अवघडच.) परंतु अर्धशक्ती ओळखावी कशी? कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम फुटणे, मुख कोरडे पडणे, श्वास तोंडाने चालू लागणे, ही लक्षणे ग्रंथांत व टीकांत दिली आहेत. या लक्षणांतील बहुतेक इतरांस दिसणारी आहेत, याकडे आमचे मन वळते. स्पर्धेच्या आवेशात असलेल्या स्वारास आपल्या नाकावरचा घाम व आपला उघडा जबडा दिसत नाही. शेजारच्यास तो तत्काळ दिसतो. जोडीदाराचा पहिला उपयोग हाच. दोन मिनिटांचा तो परदेशी नियम आम्हांस स्वस्थवृत्ताशी सुसंगत वाटतो, तो याच कारणाने. जोडीदार दृष्टीआड गेला, की अर्धशक्तीचा साक्षीदारही गेला.

परंतु जोडी विषम असली, की हाच उपाय अपायाचे रूप घेतो. चरकाचार्यांनी निदानस्थानात शोषाची चार कारणे सांगितली. त्यांत पहिले साहस. दुर्बलाने बलवानाशी झुंज घेणे, हा साहसाचा एक प्रकार तेथे स्पष्ट सांगितला आहे. हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाचा दृष्टांतही आपणांस परिचित आहे. सपाट रस्त्यावर दुर्बल जोडीदारास निभावून नेता येते. ताशी तीसच्या आसपास वेग असता स्वाराची बरीचशी शक्ती वाऱ्याला तोंड देण्यातच जाते. पुढच्याच्या चाकामागे राहिल्यास तिचा मोठा भाग वाचतो. म्हणून कल्याण-मुरबाड रस्त्यावर दोघे समबल भासतात. चढाच्या कच्च्या वाटेवर वेग ताशी आठ-दहावर येतो, तेथे वाऱ्याचा आडोसा निरुपयोगी ठरतो आणि ज्याचे त्याचे वजन ज्याला त्यालाच वर न्यावे लागते. खरे अंतर तेथे उघड होते. पण शरमेने ते कबूल केले जात नाही. दुर्बल मनुष्य पूर्णशक्तीने, क्वचित त्यापलीकडेही जाऊन, बलवानाच्या अर्धशक्तीची बरोबरी करीत राहतो. तृष्णा, क्लम, प्रतमक, छर्दी ही अतिव्यायामाची लक्षणे घेऊन सोमवारी सकाळी आपल्याकडे येतो, तो हा.

वेगधारणाचेही तसेच. तेरा अधारणीय वेगांपैकी मूत्र, क्षुधा, पिपासा, निद्रा आणि श्रमश्वास हे पाच वेग या खेळात नित्य अडविले जातात, आणि ते अडविण्याचे कारण बहुधा सोबत हेच असते. ‘माझ्यामुळे त्याला थांबावे लागू नये’ या सद्भावनेने मनुष्य तासन्‌तास लघवी रोखतो, पाणी पीत नाही. चारचौघांत संकोचामुळे वेग रोखणे हे शोषाचे दुसरे कारण म्हणून चरकाचार्यांनी सांगितलेच आहे. तेव्हा स्वारांनी थांबण्याच्या वेळा आधी ठरवून घ्याव्यात, आणि थांबण्याची सूचना बलवानाने करावी. दुर्बल ती कधीच करणार नाही. पाण्याचे ओझेही बलवानानेच अधिक वाहावे. सरावाची गती दोघांच्या सरासरीवर नव्हे, तर दुर्बलाच्या अर्धशक्तीवर बेतावी. बलवानास अधिक श्रम हवे असतील, तर ते त्याने दुसऱ्या दिवशी एकट्याने करावेत.

आमच्या भागापुरते आणखी एक सांगितले पाहिजे. डोंबिवलीहून रोज लोकलच्या गर्दीत उभ्याने मुंबई गाठणारा आणि रात्री उशिरा परतणारा मनुष्य पहाटे चारला सायकल बाहेर काढतो, तेव्हा त्याच्या अर्धशक्तीतील किती अंश प्रवासातच खर्ची पडलेला असतो, याचा हिशेब कोणी करीत नाही. ठाण्यात घराजवळ काम करणारा त्याचा जोडीदार सात तास झोपलेला असतो. दोघांचे वय एक, वजन एक, सायकलही एक. बल मात्र एक नव्हे. दोघांस एकत्र बोलावून निद्रा, अग्नी व मलप्रवृत्ती यांची चौकशी केल्यास हे सहज कळते. शर्यतीसाठी प्रकृती-प्रमाणपत्र मागणाऱ्यास आपण एकट्यास तपासून सही देतो. यापुढे जोडीच्या शर्यतीसाठी दोघांस एकत्र तपासल्याखेरीज आपल्या संघटनेच्या सभासदांनी सही देऊ नये, असा प्रस्ताव आम्ही मांडीत आहोत. चिकित्सकाचा वेळ दुप्पट जाईल, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. जाऊ द्यावा.

उरला औषधांचा प्रश्न, आणि तो औषधविक्रेत्या बंधूंनी अधिक लक्ष देऊन वाचावा. जोडीचा निकाल एकत्र नोंदला जातो. एकाच्या पोटात गेलेले निषिद्ध द्रव्य दोघांचेही श्रम वाया घालविते, आणि ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव उत्तेजकविरोधी नियमांत पुरेसा मानला जात नाही. आपल्या देशात २०२२ साली याविषयीचा राष्ट्रीय कायदाही झाला. कुपीलूतील स्ट्रिक्निन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीनुसार स्पर्धाकाळी निषिद्ध आहे. अग्नितुंडी वटी आणि विषतिंदुक वटी आपल्या कपाटात नित्य असतात. अग्निमांद्याची तक्रार सांगून स्वार अग्नितुंडी मागतो आणि आपण ती देतो. भांगेचे कल्पही त्याच यादीत येतात. जातिफलादि चूर्ण देताना याचे स्मरण ठेवावे. औषध वाईट आहे, असे नव्हे. ज्याला ते द्यावयाचे, तो शर्यतीत उतरणार आहे काय, एवढे विचारावयाचे.

गुळवेलीची गोष्ट याहून नाजूक आहे. आपली गुडूची, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, निषिद्ध नाही. परंतु तिच्या जातीतील टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीत हायजेनामाइन हे द्रव्य आढळते आणि ते २०१७ पासून निषिद्ध यादीत नावानिशी आहे, स्पर्धाकाळीच नव्हे तर सर्वकाळ. २०२१ साली मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांतील यकृतविकारांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने या दोन वेलींची गल्लत होण्याची शक्यता पुढे मांडली होती. म्हणजे ओळखीचा हा प्रश्न केवळ खेळाडूंचा नाही. क्रिस्पाच्या खोडावर गाठी ठळक उठून दिसतात. ओल्या वेलीत हा भेद डोळ्यांनी कळतो, चूर्णात मुळीच कळत नाही. ज्या औषधालयांत गुळवेल भरड वा चूर्ण स्वरूपात येते, त्यांनी पुरवठादाराकडून वनस्पतीच्या ओळखीचा दाखला मागावा. निदान खेळाडूंपुरती तरी, ज्याने खोड स्वतः पाहिले आहे त्याच्याकडूनच ती घ्यावी.