पहिली अनारकली गेली, बाकीच्या तरी वाचवू या

बीना रायची 'अनारकली' १९५३ सालची. आजही ती बघायला मिळते. पुढच्या वेळी बघाल तेव्हा सलीमच्या आईचं, जोधाबाईचं, काम करणाऱ्या बाईंकडे जरा थांबून पाहा. त्यांचं पडद्यावरचं नाव सुलोचना. १९३५ साली बोलपट 'अनारकली' आला तेव्हा नायिका त्याच होत्या आणि त्याआधी १९२८ साली इंपीरियल फिल्म कंपनीने काढलेल्या मूकपटातली अनारकलीही त्याच. एका नटीने एकाच कथेत आधी दोनदा नायिका व्हावं आणि पंचवीस वर्षांनी त्याच नायकाची आई व्हावं, असं उदाहरण आपल्या सिनेमात क्वचितच सापडेल. पण त्या प्रवासाचा आरंभच आपल्या हातातून गेला आहे. १९२८ची अनारकली आज कुणालाच दाखवता येत नाही, कारण दाखवायला फिल्मच उरलेली नाही.

या सुलोचना म्हणजे आपल्या सुलोचनादीदी नव्हेत. यांचं खरं नाव रूबी मायर्स. जन्म १९०७ सालचा, आपल्या पुण्यातला, बगदादी ज्यू कुटुंबातला. मुंबईत त्या टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करत होत्या. कोहिनूर कंपनीच्या मोहन भवनानींनी सिनेमात काम करण्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी आधी नकार दिला. सिनेमातल्या बाईकडे समाज कोणत्या नजरेने बघत असे, हे लक्षात घेतलं तर त्या नकाराचं नवल वाटत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीच दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळाली नव्हती आणि तारामती अण्णा साळुंके यांनी उभी केली होती. लगेच पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या म्हणून दार थोडं किलकिलं झालं होतं, एवढंच.

भवनानींनी पिच्छा सोडला नाही, रूबी मायर्स तयार झाल्या आणि मग चारच वर्षांत काय घडलं ते बघा. १९२६ साली चंदुलाल शहांचा 'टाइपिस्ट गर्ल' आला. नोकरी करणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी पडद्यावर नायिका झाली. १९२७ साली 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'. यात त्यांनी आठ भूमिका केल्या, आणि त्या नुसते कपडे बदलून केलेल्या बायकांच्या नव्हत्या. त्यात माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता, रस्त्यावरचं पोर होतं, केळी विकणारी होती, गोरी मड्डमही होती. १९२८ साली 'माधुरी' आणि 'अनारकली', १९२९ साली 'इंदिरा बी.ए.'. महिना पाच हजार रुपये पगार, म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरपेक्षाही जास्त, असं तेव्हा बोललं जाई. 'माधुरी'तला त्यांचा नाच इतका गाजला की खादीच्या प्रचारपटाला तो जोडून दाखवत.

त्या 'अनारकली'ची गोष्ट तर आणखी रंगतदार. त्याच वेळी लाहोरची एक कंपनी सीतादेवींना घेऊन याच कथेवर मोठा खर्चिक चित्रपट काढत होती. इंपीरियलने घाई करून आपला चित्रपट आधी पडद्यावर आणला आणि बाजी मारली ती सुलोचनांच्या नावावर.

मग बोलपट आला. भाषा येत नाही म्हणून अनेकांची कारकीर्द तिथेच संपली. यांनी वर्षभर हिंदुस्थानी शिकण्यात घालवलं आणि १९३२ साली बोलक्या 'माधुरी'तून पुन्हा उभ्या राहिल्या. पुढे 'इंदिरा एम.ए.', 'अनारकली', 'बंबई की बिल्ली', म्हणजे स्वतःच्याच गाजलेल्या मूकपटांच्या बोलक्या आवृत्त्या त्यांनी एकामागून एक केल्या. पुढची उतरण लांबलचक होती. नायिकेची आई, नायकाची आई, पार्टीत उभी असलेली कुणी बाई. १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला आणि १९८३ साली मुंबईत त्या वारल्या.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. देशाने सिनेमातला सर्वोच्च सन्मान ज्या कामासाठी दिला, ते काम मुख्यतः मूकपटातलं. आज एखाद्या मुलीने मला विचारलं की त्यांनी माळी कसा केला, पोलीस कसा केला, तर मी तिला जुन्या लेखातला परिच्छेद दाखवू शकतो, फार तर एक फोटो. अभिनय दाखवू शकत नाही. गायिका गेली तरी तबकडी राहते, लेखिका गेली तरी पुस्तक राहतं. मूकपटातल्या नटीजवळ आवाजही नव्हता, शब्दही नव्हते. होता तो चेहरा आणि हालचाल, आणि ती फक्त फिल्मवर होती.

आपल्याकडे तेराशेहून अधिक मूकपट निघाले. आज हाती आहेत ते तिसाच्या आसपास, आणि त्यांतही बरेच अपुरे, काही तर नुसते तुकडे. फातमा बेगम यांनी १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. भारतात चित्रपट दिग्दर्शित करणारी ती पहिली स्त्री. तो चित्रपट नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री'त गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी लोकांचे टोमणे सोसून काम केलं. तोही नाही. 'मोहिनी भस्मासुर' नाही.

हे सगळं काळाने नेलं असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असे. ती झपाट्याने पेट घेते, एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते, आणि जळली नाही तरी उष्ण-दमट हवेत आतून सडते, चिकट होते, शेवटी तिची भुकटी होते. हा झाला रसायनाचा भाग. पण फिल्मच्या लेपात चांदी असते, आणि बोलपट आल्यावर मूकपटाची किंमत त्या चांदीएवढीच उरली. रिळं धुऊन चांदी काढली गेली, उरलेल्या पट्ट्या भंगारात गेल्या. सुलोचनांच्याच इंपीरियल कंपनीचा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट. त्याची उरलीसुरली रिळंही अशीच चांदीपायी गेली, असं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर सांगत. आणि जे सरकारी छत्राखाली आलं होतं तेही सगळं टिकलं नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि काही तासांत शेकडो चित्रपटांच्या मूळ प्रती गेल्या.

तरीही मी निराश नाही, आणि त्याला कारण आहे मंदाकिनी फाळके. १९१९ सालच्या 'कालिया मर्दन'मध्ये दादासाहेबांची ही लहानगी मुलगी कृष्ण झाली. चित्रपटाच्या सुरुवातीलाच तिचा चेहरा जवळून दिसतो. एकामागून एक भाव ती दाखवत जाते, राग, हसू, खट्याळपणा. शंभर वर्षांनंतरही ती आपल्याला हसवते. हे शक्य झालं, कारण काही रिळं फेकली गेली नाहीत आणि १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाल्यावर नायरांसारखा माणूस ती शोधत नाशिकला फाळक्यांच्या घरी गेला, तुकडे जुळवत बसला. एका घराने जपलं आणि एका माणसाने विचारलं. यापलीकडे त्यात काही चमत्कार नव्हता.

म्हणून हे आवाहन मी सरकारच्या आधी तुम्हाला करतो आहे.

तुमच्या आजोबा-पणजोबांपैकी कुणी टुरिंग टॉकीज चालवत होतं का? थिएटरात ऑपरेटर होतं का? पडद्यासमोर बसून पेटी-तबला वाजवत होतं का? नाशिक, कोल्हापूर, पुणे, गिरगाव, दादर, आणि इथून बडोदा-इंदूरला गेलेल्या मराठी घरांनो, माळा काढा. पत्र्याचे गोल डबे दिसले तर ते रद्दीवाल्याला देऊ नका आणि जुन्या प्रोजेक्टरवर चढवूनही पाहू नका. चिकटलेलं रीळ ओढून उलगडू नका. जाळून बघण्याचा विचारही करू नका. डबा उन्हापासून, चुलीपासून, विजेच्या वायरींपासून दूर ठेवा, कुरिअरने किंवा एसटीतून पाठवू नका. आधी पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला कळवा, त्यांची माणसं काय करायचं ते सांगतील. देणगी द्यायची नसेल तर निदान प्रत करून घेऊ द्या.

फिल्म नसेल, पण बाकी पुष्कळ असू शकतं. हँडबिलं, नट्यांची फोटो-पोस्टकार्डं, चित्रपटाच्या कथेच्या पुस्तिका, कंपनीच्या लेटरहेडवरची पत्रं, पगाराच्या पावत्या, रोजनिशीत लिहिलेली "आज अमुक खेळ पाहिला" एवढी ओळ. हरवलेल्या चित्रपटाचा माग याच कागदांवरून लागतो. फोटोत कोण आहे हे आजीला माहीत असेल तर आजच विचारा आणि मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. गावोगावच्या वाचनालयांना माझी हात जोडून विनंती आहे: विशीच्या दशकातल्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली जागा नाही म्हणून मोडीत काढू नका. त्यांच्यातल्या सिनेमाच्या जाहिराती हा आज आपल्याकडचा मोठा दस्तऐवज आहे.

सरकारकडे मागणी आहे ती साधी आहे. जे तीसेक मूकपट उरलेत ते लोकांना दाखवा. डिजिटल प्रत तळघरात ठेवून वारसा जपल्याचं समाधान मानू नका. जिल्ह्याजिल्ह्यातल्या नाट्यगृहांत पेटी-तबल्याच्या साथीने 'कालिया मर्दन' लावा, शाळांना बोलवा. बघितल्याशिवाय कुणाला त्याची माया वाटणार नाही, आणि माया वाटल्याशिवाय कुणी माळ्यावर चढणार नाही. फिल्म सोसायट्यांनी त्यासाठी सरकारची वाट बघू नये. संग्रहालयाकडे मागणीचं पत्र आपणच पाठवावं. पुणेकरांनी तर पहिला कार्यक्रम रूबी मायर्स यांच्या नावाने करावा. जन्म इथला, देशाचा चित्रपट संग्रहही इथला. या शहरात त्यांच्या नावाने हाक दिली तर कोण जाणे, १९२८च्या 'अनारकली'चे चार फूटसुद्धा कुठल्यातरी डब्यातून निघतील.